एका टिंबासाठी सत्तावीस इंच

प्रश्न : मी साताऱ्यात राहते. वकिलांचे मराठी टायपिंग घरून करते. खरेदीखते, वाटणीपत्रे, नोटिसा असे काम असते आणि रोजचे सहा-सात तास कॉम्प्युटरसमोर जातात. संध्याकाळी अकरावीतला मुलगा त्याच कॉम्प्युटरवर व्हॅलोरंट आणि जीटीए फाइव्ह खेळतो. सध्याचा साडेअठरा इंची मॉनिटर बारा वर्षांचा झालाय, डोळे फार दुखतात. मुलाला २७ इंची, वक्र, २४० हर्ट्झचा गेमिंग मॉनिटर हवा आहे. दुकानदार म्हणतो, २७ इंची फुल एचडी न्या, सगळे तेच नेतात. यजमान म्हणतात, ३२ इंची टीव्हीच जोडू, म्हणजे मॅचही बघता येईल. कॉम्प्युटरमध्ये जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आहे. वीस हजारांच्या वर जाता येणार नाही. काय घेऊ? (नाव छापू नये.)

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात मुलाचे मत आहे, दुकानदाराचे आहे, यजमानांचे आहे. तुमचे स्वतःचे मत मात्र कुठेच नाही, आणि त्या पडद्यासमोर सगळ्यांत जास्त वेळ बसता तुम्ही. म्हणून आधी उत्तर सांगतो, कारणे मागाहून. २७ इंची, सपाट, आयपीएस पॅनेलचा (बाजूने पाहिले तरी रंग न उडणारा), २५६० बाय १४४० पिक्सेलचा, म्हणजे ठिपक्यांचा, आणि १४४ ते १८० हर्ट्झचा (सेकंदाला तितक्या वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर घ्या. दुकानात याला क्यूएचडी, टूके किंवा १४४०पी म्हणतात. तुमच्या रकमेत तो बसतो. टेबलावर मावत नसेल तर २४ इंची फुल एचडी आयपीएस घ्या. दुकानदार सुचवतो तो २७ इंची फुल एचडी मात्र घेऊ नका.

आता कारण. तुम्ही रोज टाइप करता त्यातले दोन शब्द घ्या : ‘त्याचा हिस्सा’ आणि ‘त्यांचा हिस्सा’. दोन्हींत फरक एका टिंबाचा. पण वाटणीपत्रात त्या टिंबावर जमीन एकाची की तिघा भावांची हे ठरते. ‘विक्रेत्याचे’ आणि ‘विक्रेत्यांचे’ हेही तसेच. चतुःसीमेतला ‘पूर्वेस’ घ्या, त्यावर रफार आहे. गट नंबरातले १ आणि ९ घ्या, घाईत एकमेकांसारखे दिसतात. इंग्रजी टाइप करणाऱ्याला अक्षराच्या वरच्या बाजूला फारसे काही बघावे लागत नाही. आपल्याला शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, रकार असे सगळे बघायचे असते, आणि तेही जेमतेम दोन-तीन ठिपक्यांच्या जागेत. मॉनिटरविषयी जे सल्ले सगळीकडे वाचायला मिळतात, ते रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात. तुमचे काम देवनागरीचे आहे, म्हणून मी ठिपक्यांपासून सुरुवात करतो.

फुल एचडी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, एकूण सुमारे २०.७ लाख. पडदा २४ इंची असो की २७ इंची, ठिपके तेवढेच. २४ इंचीवर एका इंचात सुमारे ९२ ठिपके येतात, २७ इंचीवर तेच ताणून ८२ होतात. म्हणजे मोठा पडदा घेऊन अक्षर मोठे होते, पण नेमके होत नाही. तेच मोजके ठिपके फक्त जाड दिसू लागतात, कडा खडबडीत होतात आणि अनुस्वार शिरोरेषेला चिकटल्यासारखा वाटतो. १४४०पी मध्ये एकूण ठिपके सुमारे ३६.९ लाख, फुल एचडीच्या पावणेदोन पट. त्याच २७ इंचांत मग इंचाला १०९ ठिपके मिळतात. विंडोजमध्ये स्केल १२५ टक्के ठेवलेत की अक्षर डोळ्यांना पुरेसे मोठे राहते आणि ते रेखायला ठिपकेही जास्त असतात. मजकूर वाचताना भुवया आकसायच्या थांबतात, त्या यामुळे.

हे मी अनुभवाने शिकलो. डीटीपीची कामे करायचो तेव्हा मीही एका दुकानदाराच्या सांगण्यावरून २७ इंची फुल एचडी घेतला होता. मोठा पडदा म्हणजे मोठे अक्षर आणि मोठे अक्षर म्हणजे डोळ्यांना आराम, असे मला वाटले होते. एका स्मरणिकेची प्रुफे मी त्यावर दोनदा वाचली आणि तरी कागदावर आल्यावर सुटलेले अनुस्वार सापडले. लेखक वयस्कर होते. त्यांनी लाल शाईने एकेका टिंबाभोवती गोल करून पाने परत पाठवली. ती पाने बघताना फार वाईट वाटले होते. चार महिन्यांत तो मॉनिटर विकून टाकला. तो खराब नव्हता, माझ्या कामाला चुकीचा होता.

आणखी एक मोजमाप सांगतो, ते तुमच्या कामाला थेट लागू आहे. ए-फोर कागद २१ बाय २९.७ सेंटिमीटरचा. २४ इंची मॉनिटरचा पडदा जेमतेम ३० सेंटिमीटर उंच असतो, त्यामुळे वर्डची वरची पट्टी आणि खालचा टास्कबार धरला की पूर्ण आकाराचे पान त्यात बसत नाही. २७ इंचीची उंची सुमारे ३३.६ आणि रुंदी सुमारे ६० सेंटिमीटर. दोन ए-फोर पाने शेजारीशेजारी मिळून ४२ सेंटिमीटर रुंद होतात. म्हणजे डावीकडे स्कॅन केलेला जुना फेरफार किंवा सातबारा आणि उजवीकडे तुमचा मसुदा, दोन्ही जवळजवळ कागदाएवढ्याच आकारात. लीगल साइजचे पान थोडे लहान करावे लागेल, एवढेच. सध्या तुम्ही दिवसभर एका खिडकीतून दुसरीत उड्या मारत असणार. नावे आणि क्षेत्रफळे उतरवताना चुका होतात त्या नेमक्या अशा उड्यांत.

यजमानांच्या टीव्हीविषयी. घरोघरी हा विचार होतो आणि पैशाच्या दृष्टीने तो चुकीचाही नाही. पण ३२ इंची टीव्ही बहुतेक वेळा ‘एचडी रेडी’ असतो, म्हणजे १३६६ बाय ७६८. तुमच्या साडेअठरा इंची मॉनिटरवर बहुधा तेवढेच ठिपके आहेत. ते ३२ इंचांवर पसरले की इंचाला ४९ उरतात. फुल एचडी टीव्ही घेतला तरी ६९. शिवाय टीव्ही चित्र सुंदर दिसावे म्हणून त्यावर बरीच प्रक्रिया करतो. त्यात माउस हलवल्यावर पडद्यावर हालचाल दिसेपर्यंत विलंब होतो आणि अक्षरांच्या कडांना रंगाची झाक येते. टीव्ही आठ-दहा फुटांवरून बघायची वस्तू आहे, दोन फुटांवरून कागद वाचायची नाही. मॅच बघायला २७ इंची आयपीएस चांगला असतो. पलंगावर बाजूला बसून बघितले तरी रंग उडत नाहीत. हे त्यांना आवर्जून सांगा.

आता मुलगा. त्याचे म्हणणे हट्ट म्हणून बाजूला सारू नका, त्यात तथ्य आहे. साधा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी. १४४ हर्ट्झचा ६.९ मिलिसेकंदांनी बदलतो. व्हॅलोरंटसारख्या खेळात कोपऱ्यावरून समोरचा बाहेर येतो तेव्हा हा दहा मिलिसेकंदांचा फरक त्याला खरोखर कळतो. नुसता माउस फिरवला तरी कळतो. तुम्हालाही कळेल, लांबलचक दस्त वर-खाली सरकवताना अक्षरे कमी फरफटतील. पण १४४ वरून २४० ला गेल्यावर ६.९ चे ४.२ होतात, म्हणजे पावणेतीन मिलिसेकंद वाचतात. पहिल्या पायरीला जेवढे मिळाले, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी.

आणि ही २४० चित्रे मॉनिटर बनवत नाही, ग्राफिक्स कार्ड बनवते. जीटीएक्स १६५० हे २०१९ सालचे, ४ जीबीचे कार्ड. व्हॅलोरंट २०२० मध्ये आला तोच जुन्या, साध्या मशिनांवरही चालावा अशा बेताने बांधलेला, त्यामुळे तो या कार्डावर सेटिंग कमी ठेवून १४४०पी लाही शंभराच्या आसपास चित्रे देईल. जीटीए फाइव्ह जड आहे. ठिपके पावणेदोन पट झाले की त्याचा वेग उतरणार, हे मुलाला आधीच मोकळेपणाने सांगा. उपाय आहे. गेमच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन एक पायरी खाली आणायचे आणि एनव्हिडियाच्या (तुमच्या कार्डाच्या कंपनीच्या) कंट्रोल पॅनेलमधले ‘इमेज स्केलिंग’ चालू करायचे. चित्र किंचित मऊ दिसेल, पण खेळ अडखळणार नाही. खेळातले चित्र मऊ झाले तर चालते, दस्तातले अक्षर मऊ झालेले चालत नाही. या घरासाठी १४४०पी निवडण्यामागे माझा सगळा विचार एवढाच आहे.

शिवाय तुमचा आताचा मॉनिटर बारा वर्षे टिकला. कार्डे त्याच्या अर्ध्या काळात बदलतात. दोन-तीन वर्षांनी मुलगा इंजिनिअरिंगला किंवा आणखी कशाला गेला आणि नवे कार्ड आले, तर हाच मॉनिटर त्याला पुरेल. उलट आजच्या कार्डाच्या मापाने मॉनिटर घेतलात तर तेव्हा दोन्ही बदलावे लागतील. मुलगा खरोखर स्पर्धांत उतरणार असेल तर गोष्ट वेगळी. तिथे २४-२५ इंची, जास्त हर्ट्झचे पडदेच वापरतात, कारण सगळा पडदा एका नजरेत मावतो. पण मग तो मॉनिटर त्याचा झाला, घराचा नाही.

एक गोष्ट त्याला आवडेल : खोक्यावर ‘ॲडॅप्टिव्ह सिंक’, ‘फ्रीसिंक’ किंवा ‘जी-सिंक कम्पॅटिबल’ यांपैकी काहीतरी लिहिलेले बघून घ्या. कार्डाचा वेग खाली-वर होतो तसा मॉनिटर आपला वेग जुळवून घेतो, त्यामुळे चित्र मधोमध फाटल्यासारखे दिसत नाही. २०१९ पासून एनव्हिडियाची कार्डे फ्रीसिंकच्या मॉनिटरवरही हे करतात, तुमचे कार्डही करेल. त्यासाठी जोडणी डिस्प्लेपोर्टने करा. वेग कमी असलेल्या कार्डाला याचा फायदा जास्त होतो, म्हणून जीटीए फाइव्हला नक्की होईल.

वक्र पडदा या आकाराला नको. खूप रुंद पडद्यांना त्या वाकाचा उपयोग आहे. २७ इंचीवर तुमच्या तक्त्यांच्या सरळ रेषा मात्र वाकलेल्या भासतील. शिवाय वक्र मॉनिटर बहुतेक व्हीए या दुसऱ्या प्रकारच्या पॅनेलचे असतात. व्हीएमध्ये काळा रंग गडद येतो हे खरे. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या-काळ्यातला फरक) साधारण हजारास एक, तर व्हीएचा तीन हजारास एक असतो. पण स्वस्त व्हीएमध्ये अंधाऱ्या दृश्यात हालचालीच्या मागे काळपट ओघळ राहतात, आणि बाजूने पाहिले तर रंग फिके पडतात. ओएलईडी या तिसऱ्या प्रकारच्या पॅनेलचा विचारही करू नका. रकमेत बसत नाही, आणि दिवसभर वर्डची तीच पट्टी एका जागी ठेवणाऱ्याच्या पडद्यावर कायमचा ठसा उमटण्याची भीती असते.

खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांतल्या दोन दाव्यांना पैसे मोजू नका. या किमतीत ‘एचडीआर’ (उजेड-अंधाराचा फरक ठळक दाखवण्याची सोय) नावापुरताच असतो. आणि ‘१ एमएस’ (ठिपक्याचा रंग बदलायला एक मिलिसेकंद) हा आकडा अशा सेटिंगला मिळवलेला असतो, जिथे हलणाऱ्या वस्तूंभोवती उजळ कड दिसू लागते. मॉनिटरच्या मेनूत ‘ओव्हरड्राइव्ह’ किंवा ‘रिस्पॉन्स टाइम’ असते, ते मधल्या पायरीवर ठेवा.

टेबल मात्र आजच मोजा. आपल्याकडची कॉम्प्युटर टेबले जुन्या मॉनिटरच्या मापाने बनलेली, वर कप्पा, दोन्ही बाजूंना फळ्या. २७ इंचीला आत निदान ६२ सेंटिमीटर मोकळी रुंदी हवी, आणि उंचीला स्टँडसकट पन्नासच्या आसपास. टेबल पुढून मागे किती आहे तेही बघा. तुमच्या डोळ्यांपासून पडदा ६० ते ७५ सेंटिमीटरवर हवा, म्हणजे हात लांब केल्यावर बोटे जेमतेम टेकतील इतका. टेबल भिंतीला चिकटलेले आणि पुढून मागे कमी असेल तर २७ इंची फार जवळ येईल, मान सतत डावी-उजवीकडे फिरत राहील. तसे असेल तर २४ इंचीच घ्या, त्यात काही कमीपणा नाही. उरलेल्या पैशांत चांगली खुर्ची येते.

खालीवर होणारा स्टँड मिळाला तर दोन पैसे जास्त द्या. तुमची आणि अकरावीतल्या मुलाची बैठक एका उंचीची नसणार. नाहीच मिळाला तर मागच्या बाजूला १०० बाय १०० मिलिमीटरची चार भोके आहेत ना ते पाहा, पुढेमागे मॉनिटर धरणारा हात (आर्म) बसवता येतो. तोवर घरातला लाकडी पाट खाली ठेवला तरी चालेल. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली यावी. प्रोग्रेसिव्ह (एकाच भिंगात जवळचा-लांबचा नंबर असलेला) चष्मा असेल तर आणखी खाली, नाहीतर दिवसभर हनुवटी वर करून वाचाल आणि मानेचे दुखणे डोळ्यांच्या नावावर जाईल. खिडकी पडद्याच्या बाजूला असू द्या, मागे किंवा समोर नको.

आणल्यावर तीन गोष्टी करा. पहिली, केबल ग्राफिक्स कार्डालाच जोडा. मदरबोर्डच्या (कॉम्प्युटरच्या मुख्य पाटीच्या) भोकात घातली तर पडदा काळा राहील किंवा खेळ रडतखडत चालेल. दुसरी, विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये जाऊन हर्ट्झ बदला. विंडोज अनेकदा ६० वरच सुरू होते, आणि १४४ हर्ट्झचे पैसे मोजून वर्षभर ६० वर वापरणारी घरे मी पाहिली आहेत. तिसरी तुमच्यासाठी : कारखान्यातून मॉनिटर डोळे दिपतील इतका उजळ करून येतो. पडद्याशेजारी कोरा कागद धरा आणि वर्डचे पांढरे पान त्या कागदाइतकेच उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. संध्याकाळी पुन्हा उतरवा. मॉनिटरमध्ये दोन-तीन मोड साठवता येतात, एक तुमचा, एक मुलाचा, म्हणजे रोज वाद नको.

डोळ्यांचे मात्र मॉनिटरवर सगळे सोडू नका. बारा वर्षे जुना पडदा त्रास देतोच, पण सहा-सात तास जवळचे बघणाऱ्याने नंबर तपासलेला असावा. शेवटचा कधी तपासला ते पत्रात लिहिलेले नाही. मॉनिटर घेण्याआधी तपासून घ्या. आणि दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे बघा. खिडकीतून अजिंक्यतारा दिसत असेल तर उत्तमच.

ऑनलाइन घेतलात तर खोके उघडतानाचा व्हिडिओ करून ठेवा. पहिल्याच दिवशी पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा पडदा लावून मेलेले ठिपके शोधा. किती ठिपके मेले तर बदलून देतात हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असते, ते आधी विचारा. वॉरंटी तीन वर्षांची असेल तर घरी येऊन दुरुस्ती करतात की मॉनिटर पुण्याला किंवा कोल्हापूरला न्यावा लागतो, हेही विचारा. साताऱ्यात राहणाऱ्याला हा प्रश्न हर्ट्झपेक्षा महत्त्वाचा आहे. खोके आणि आतला थर्माकोल वर्षभर टाकू नका.

जुना मॉनिटरही टाकू नका. तुमच्या कार्डाला जुने व्हीजीए भोक नाही, म्हणजे मॉनिटर फक्त व्हीजीएचा (जुन्या जाड पिनांच्या केबलचा) असेल तर तो आताही छोट्या कन्व्हर्टरवर चालत असणार. कार्डाच्या एचडीएमआयला तो तसाच राहू दे, नवा डिस्प्लेपोर्टला. व्हॉट्सॲपवर आलेले कागद, वकिलांचे मेल, यजमानांचा स्कोअर त्याच्यावर, आणि समोरचा मोठा पडदा फक्त दस्तासाठी.

दुकानात जाताना पेन ड्राइव्हवर तुमचे एक खरेदीखत न्या, नावे-गावे बदललेले. दुकानदाराला दोन्ही मॉनिटरवर ते उघडायला सांगा, आधी फुल एचडी, मग १४४०पी. हाताच्या अंतरावर उभ्या राहा आणि ‘त्यांचा’ हा शब्द शोधा. मुलालाही सोबत न्या, आणि तुमचे बघून झाले की माउस त्याच्या हातात द्या.